घर, सफरचंद, चौकोन, गोल

चिऊ पलंगावर बाहुलीला बसवून तिचे डोळे तपासत होती. बाहुलीच्या डाव्या डोळ्यावर माझा मोजा बांधलेला, समोर कपाटाच्या दाराला चिकटपट्टीने डकवलेला एक कागद. कागद कोरा होता. त्या कोऱ्या कागदावर चिऊ पेन्सिलीचं टोक एकेका जागी टेकवायची आणि बाहुलीच्या वतीने, बारीक आवाज काढून, स्वतःच उत्तर द्यायची. “घर, सफरचंद, चौकोन, गोल, घर.” मग खालची ओळ. “गोल, चौकोन, सफरचंद, घर, सफरचंद.” मग घसा खाकरून, डॉक्टरांच्या आवाजात, “शाब्बास! डोळे छान आहेत हं. आता घरी जा.” मी वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात उभा होतो. हसू आलं. दुसऱ्या दिवशी हाच खेळ पुन्हा मांडला गेला तेव्हा मी नीट कान दिला, आणि हसू विरलं. क्रम तोच होता. दोन्ही ओळी, पाचही चित्रं. तिसऱ्या दिवशीही तोच.

साडेचार वर्षांच्या पोरीने डॉक्टरांचा तक्ता पाठ केला होता.

एखाद्या घरात ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकाने सांगितली गेली असती. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मलाही कौतुकच वाटलं. चिऊला एनएफ वन नावाचा जन्मजात दोष आहे. तो असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना शिकताना काही ना काही अडचण येते, लक्ष टिकत नाही, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की मुलीने दहा चित्रं ओळीने लक्षात ठेवली याचाच आनंद आधी झाला. त्या आनंदामागून जे आलं त्याने पोटात गोळा आला. आम्ही दर सहा महिन्यांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो ते चष्म्याच्या नंबरासाठी नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ तर वाढत नाही ना, हे बघायला नेतो. गेल्या खेपेला आम्ही तिथून निर्धास्त होऊन बाहेर पडलो होतो. आता प्रश्न असा होता की तिला ती खालची ओळ दिसली होती की नुसती आठवली होती?

एनएफ वनचं पूर्ण नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस वन. साधारण तीन हजारांत एका बाळाला हा दोष असतो, आणि त्यातल्या निम्म्या घरांत तो कुठूनही आलेला नसतो, बाळापासूनच सुरू होतो. आमचं घर उरलेल्या निम्म्यातलं. चिऊच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग आहेत, तसेच माझ्याही अंगावर आहेत. माझी आई म्हणायची, जन्मल्यावर तुला कुणीतरी ओल्या बोटांनी उचललं असणार, त्याचे हे ठसे. मला ते इतकं पटलं होतं की लहानपणी मी आरशापुढे पाठ वळवून ती बोटं कुठल्या हाताची, हे जुळवत बसायचो. तेविसाव्या वर्षी दंडावर, पोटावर मऊ मऊ गाठी उठायला लागल्या म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शर्ट काढायला लावला, मला हळूहळू गोल फिरवलं, ओठ हलवत डाग मोजले, काखेतले बारीक ठिपके पाहिले आणि विचारलं, “घरात आणखी कुणाला?” कुणालाच नव्हतं. मी पहिला. नंतर त्यांनी अगदी सहज सांगितलं, की प्रत्येक मुलाला हे मिळण्याची शक्यता निम्मी. तेविसाव्या वर्षी ‘निम्मी’ हा शब्द फार उदार वाटतो. निम्मी म्हणजे निम्मं आपल्या बाजूनेच की.

चिऊ तीन महिन्यांची असताना तिला न्हाऊ घालताना बायकोने मला हाक मारली. ती काही बोलली नाही. ओलं बाळ तिने हातावर पालथं धरलं होतं, आणि कमरेच्या वर, उजवीकडे, एक लांबट फिकट डाग होता. पाणी पडल्यावर तो आणखी स्पष्ट दिसत होता. पुढचे महिने आम्ही मोजदाद केली. लहान मुलांत पाच मिलिमीटरपेक्षा मोठे सहा डाग, असा तो निकष आहे. प्लॅस्टिकची पट्टी बाळाच्या मांडीला लावून मिलिमीटर मोजणारा बाप किती हास्यास्पद दिसतो, ते मला तेव्हा कळत होतं आणि तरी थांबता येत नव्हतं. बाकीच्या कुटुंबांना सहा डागांनंतर निदानाला दुसऱ्या एखाद्या खुणेची वाट पाहावी लागते. आमच्याकडे वाट पाहायची गरज पडली नाही. दुसरी खूण मीच होतो.

मराठीत ‘गाठ’ हा काय विचित्र शब्द आहे. लग्नाची गाठ, खूणगाठ, पदराला मारलेली गाठ, कुणाशी तरी पडलेली गाठ. सगळ्यांत काहीतरी धरून ठेवणं आहे, जपणं आहे. आणि मग ही. डॉक्टर ट्यूमर म्हणतात, नातेवाईक आवाज खाली आणून विचारतात, “साधी ना?” साधीच असते, बहुतेक वेळा. या मुलांपैकी शंभरात पंधरा ते वीस जणांना नेत्रनसेच्या वाटेवर गाठ होते, बहुधा सात वर्षांच्या आत. ती सावकाश वाढणाऱ्या जातीची असते. कित्येक मुलांत ती वाढतही नाही, काहींत तर आपणहून आकसते. निम्म्याहून अधिक मुलांना तिचा कधी त्रासच होत नाही. हे सगळं वाचून माणसाने शांत व्हायला हवं. पण गाठ साधी असून बसते कुठे, हा प्रश्न उरतोच. दाराच्या फटीत अडकलेला खडा दगड म्हणून साधाच असतो.

यामागची यंत्रणा मला ज्यांनी समजावली त्या जनुकतज्ज्ञ बाई फार छान बोलल्या होत्या. प्रत्येक पेशीत एक वडीलधारं माणूस असतं, असं समजा, त्या म्हणाल्या. पेशी वाढायला लागली की ते म्हणतं, पुरे आता. त्या प्रथिनाचं नाव न्यूरोफायब्रोमिन. ते बनवायची कृती सतराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. ते जनुक १९९० साली सापडलं. कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. माझ्याकडून चिऊला मिळालेली प्रत खराब आहे. दुसरी धड आहे तोवर काम भागतं. एखाद्या पेशीत तीही बिघडली की त्या पेशीला ‘पुरे’ म्हणायला कुणी राहत नाही. मी विचारलं, मला इतका सौम्य आहे, तर तिलाही तसाच असेल ना? त्या क्षणभर थांबल्या. एकाच घरात, तंतोतंत तोच दोष असूनही, एकाला नुसते डाग असतात आणि दुसऱ्याला बरंच काही. बापावरून लेकीचा अंदाज बांधता येत नाही. बाहेर पडताना बायको म्हणाली, “नाक तुझं, हट्ट तुझा, तेवढा सौम्यपणा मात्र तुझा घेता येत नाही.” आम्ही दोघं जिन्यात खूप हसलो. का, ते सांगता येणार नाही.

“एकदा एमआरआय करून टाका ना, शंका तरी मिटेल,” हे आम्हाला किमान डझनभर लोकांनी सांगितलं आहे. आम्हीही डॉक्टरांना तेच म्हणालो होतो. एवढं यंत्र आहे, पैसे उभे करू, मग नजरेच्या तक्त्यावर का भिस्त ठेवायची? त्यांचं उत्तर पचवायला मला वर्ष लागलं. इतक्या लहान मुलीला त्या नळीत अर्धा-पाऊण तास निश्चल ठेवायचं तर भूल द्यावी लागेल. आज काही दिसलं नाही म्हणून पुढच्या वर्षी नसेलच असं नाही. आणि दिसलं तर? नजर शाबूत असेल तर त्या गाठीला कुणी हात लावणार नाही, बघतच बसायचं. वर या मुलांच्या मेंदूत एमआरआयवर चकाकते ठिपके दिसतात, बहुतेक निरुपद्रवी, ते पाहून तुमची झोप मात्र जाईल. नजर ढळायला लागली तर तेव्हा यंत्रही आहे आणि औषधंही आहेत, कार्बोप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टीन ही जोडी कित्येक वर्षं वापरात आहे. किरणोपचार मात्र या मुलांत शक्यतो टाळतात, कारण त्यातून पुढे नव्या गाठी होण्याचा धोका वाढतो. थोडक्यात, गाठ शोधायची नाही, नजर राखायची. डोक्याला पटतं. पण माहीत करून घेता येण्यासारखी गोष्ट माहीत करून न घेता रोज रात्री दिवा मालवायचा, याला कसली तरी वेगळीच ताकद लागते, आणि ती माझ्यात काही दिवस असते, काही दिवस नसते.

डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणं म्हणतात ना, तसं चाललं आहे. तिच्या डोळ्यात औषध आणि आमच्या डोळ्यात तेल.

औषध म्हणजे डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब. ते झोंबतात. चिऊ आईच्या मांडीवर डोकं ठेवून, मुठी आवळून, “एक, दोन, तीन” असं स्वतःच मोजते आणि तीनला डोळे गच्च मिटून घेते, म्हणजे थेंब पापणीवर. पुन्हा सगळं पहिल्यापासून. मग अर्धा तास बाकावर. तिच्या काळ्याभोर बाहुल्या पसरत जातात, खिडकीतल्या उजेडाला ती हात आडवा धरते. डॉक्टर कपाळाला दिवा बांधून तिच्या डोळ्यात वाकून बघतात, तेव्हा ते नसेचं टोक बघत असतात. ते गुलाबी असायला हवं. फिकट पडलं असेल, सुजलं असेल, तर काहीतरी चाललंय. हा रंग मी कधी पाहिलेला नाही, पण गेली दोन वर्षं माझ्या लेखी जगातला सगळ्यात महत्त्वाचा रंग तो आहे. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी मलाही यंत्रापुढे बसवलं आणि म्हणाले, “तुमच्या बुबुळांवर आहेत बरं का, लिशच्या गाठी.” बारीक तपकिरी ठिपके. कार्ल लिश नावाच्या ऑस्ट्रियन नेत्रतज्ज्ञाने १९३७ साली त्यांचं वर्णन केलं. नजरेला त्यांचा काही अपाय नाही. म्हणजे मी तिच्याकडे बघतो ते त्यांच्यासकटच बघतो.

मुलं तक्रार करत नाहीत, ही यातली सगळ्यात जीवघेणी गोष्ट. मोठ्या माणसाला एका डोळ्याने अंधुक दिसलं तर तो घर डोक्यावर घेईल. मुलाचा दुसरा डोळा मुकाट्याने काम उचलतो, आणि मुलाला वाटतं, जग असंच असतं. म्हणून घरात माझे चोरटे प्रयोग चालतात. लपाछपीत मी तिचा एकच डोळा झाकतो आणि म्हणतो, सांग बरं, आई कुठल्या दाराआड? चेंडू नेहमी डावीकडून टाकतो. ती टेबलाच्या कोपऱ्याला धडकली की माझ्या तोंडून “लागलं का?” याआधी “कुठल्या बाजूने?” निघतं. तिच्या आईचं लक्ष उंचीवर. नेत्रनसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी शेजारी शरीराची वाढ सांभाळणारा मेंदूचा भाग आहे. तिथे गाठ आली तर मूल अवेळी वयात येऊ लागतं, आणि एक खूण म्हणजे उंची अचानक झपाट्याने वाढते. मागच्या महिन्यात चिऊचा निळा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला. कुठल्याही घरात आई म्हणते, अगंबाई, किती उंच झाली माझी पोर! बायकोने न बोलता फ्रॉक धुतला, वाळवला, आणि पुन्हा घालून पाहिला. आटला असेल म्हणून. मग डॉक्टरांचा आलेख काढून त्यावर पेन्सिलीने ठिपका दिला. रेषेवरच होता. तेव्हा कुठे तिने फ्रॉक बोहारणीच्या गाठोड्यात टाकावा तसा बाजूला भिरकावला आणि म्हणाली, “वाढली गं बाई.”

तर, तो तक्ता. मी नऊ दिवस कुणालाच काही बोललो नाही. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण लिहायला बसलोय तर लिहितो. सांगितलं तर पुन्हा तपासणी, पुन्हा थेंब, आणि कदाचित ती भूल, ती नळी. न सांगितलं तर गेल्या खेपेचा ‘सगळं छान’ हा शेरा अजून चार महिने तरी आपला. खोटा असला तरी आपला. दहाव्या दिवशी मी कागदावर तीच चार चित्रं वेगळ्या क्रमाने काढली, लहान लहान करत नेली, आणि बोळाच्या टोकाला धरून उभा राहिलो. चिऊने पहिल्या दोन ओळी भराभर सांगितल्या. तिसरीला ती थांबली. कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. “घ...” म्हणाली, माझ्याकडे पाहिलं, “गोल,” म्हणाली, पुन्हा पाहिलं, आणि ठामपणे, “घर!” बरोबर होतं. मला कळेना तिने काय वाचलं. बायको स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. तिने हात पुसले, माझ्या हातातला कागद घेतला आणि म्हणाली, “तिथे खुर्चीत बसतोस तेव्हा स्वतःचा चेहरा पाहिलायस कधी? पोरीचं उत्तर बरोबर आलं की खांदे खाली येतात तुझे. चुकलं की श्वास धरतोस. तिला काय, नजर तपासतायत की बाबाला हसवायचंय, हे कसं कळणार?”

फोन केल्यावर डॉक्टर अजिबात दचकले नाहीत. “पुष्कळ मुलं करतात. हुशार आहेत. माझ्याकडे दुसरे तक्ते आहेत की.” मग जरा गंभीर होऊन म्हणाले, की मी नुसत्या तक्त्यावर कधीच जात नाही, नसेचं टोक पाहिलं होतं, बाहुल्यांवर बॅटरीचा झोत आलटून पालटून टाकून पाहिला होता, पण सांगितलंत ते उत्तम केलंत, पुढच्या आठवड्यात आणा. नऊ दिवस लपवून ठेवलेली गोष्ट दोन मिनिटांत संपली. फोन ठेवल्यावर मी तसाच उभा राहिलो, आणि मला चक्क थोडा रागच आला, कुणावर ते कळलं नाही.

तपासणीला गेलो त्या दिवशी डॉक्टरांनी मला त्या चार चित्रांची गोष्ट सांगितली. लेआ ह्युवारिनेन या फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी १९७६ साली ती तयार केली, अक्षरं न येणाऱ्या मुलांसाठी. घर, सफरचंद, चौकोन, गोल. हीच चार का, तर ती सारख्याच मापाने पुसट होत जातात. आकार नजरेच्या पलीकडे गेला की चारही सारखीच दिसायला लागतात, गोल. घराचं छप्पर विरतं, सफरचंदाची खाच बुजते, चौकोनाचे कोपरे झिजतात. म्हणजे मूल ‘गोल’ म्हणालं तर दोन शक्यता असतात. एक तर तिथे खरंच गोल आहे, किंवा मुलाला आता दिसत नाही. चिऊ तेव्हा फिरत्या स्टुलावर गिरक्या घेत होती. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही आज बाहेर बसा.”

दार लाकडी होतं, पांढऱ्या रंगाचं, खाली दोन बोटं फट. फटीतून आतला उजेड गेला. दिवे मालवले असावेत. मी बाकाच्या टोकाला, दाराला कान लागेल इतका सरकून बसलो. समोर एक बाई मांडीवरच्या बाळाला थोपटत होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहून नजर वळवली. आतून आधी डॉक्टरांचा आवाज, मग चिकटपट्टी फाडल्याचा. उजवा डोळा झाकला असणार. “घर,” चिऊ म्हणाली. “चौकोन. घर. सफरचंद.” आवाजात उत्साह नव्हता, खेळातला तो बारीक सूर नव्हता, एकेक शब्द वेगळा काढून ठेवल्यासारखा. मग, “गोल.” काही क्षण काही नाही. “चौकोन.” मला हायसं वाटलं. “गोल.” पुन्हा थांबली. “गोल.” लागोपाठ दोनदा. आत कागद उलटल्याचा आवाज आला. तक्त्यावर एकापुढे एक दोन गोल असू शकतात की नाही, एवढं एकच मला त्या घटकेला माहीत करून घ्यायचं होतं, आणि ते विचारायला मी विसरलो होतो. मी उठलो, दोन पावलं गेलो, परत येऊन बसलो.

मग दुसरा डोळा. मग थेंब, मग “एक, दोन, तीन,” मग रडणं, मग बराच वेळ शांतता.

दार उघडून डॉक्टरच बाहेर आले. वयाच्या मानाने दोन्ही डोळ्यांची नजर हवी तेवढी आहे. शेवटची ओळ बारीक होती, तिथे सगळीच मुलं ‘गोल’ म्हणतात. नस गुलाबी आहे. सहा महिन्यांनी या. मी “बरं” म्हणालो. एवढंच सुचलं. चिऊ आईच्या कडेवर होती, बाहुल्या विस्फारलेल्या, गालावर थेंबांचे ओघळ, कपाळावर चिकटपट्टीचा तांबडा वळ. बाहेरच्या उजेडात आल्याबरोबर तिने तोंड माझ्या मानेत खुपसलं.

“बाबा, तू आत का नाही आलास?”

“डॉक्टरकाका म्हणाले, बाहेर बसा.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मानेतूनच, चिडक्या आवाजात म्हणाली, “तू नव्हतास ना. मग मला सगळं बघून बघून सांगावं लागलं.”